दोन पुळ्या, एक ट्यूब आणि नवऱ्यावरचा संशय

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या, इंदूरच्या, एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या. घरी नवरा, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. नवरा कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस पुण्यात असतो. चार महिन्यांपासून त्यांना शौचाच्या जागी खाज सुटते, रात्री जास्त. बोटाला दोन मऊ पुळ्या लागतात. त्या दुखत नाहीत, रक्त पडत नाही. एक पुळी मुलीच्या बाळंतपणापासूनच असावी असं त्यांना वाटतं, दुसरी नवी वाटते. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं, मग खाज पुन्हा येते. सासूबाईंना एवढंच कळलंय की काहीतरी खाजतंय. त्या म्हणतात, नीट धूत नसशील. म्हणून आता दिवसातून तीन-चारदा साबणाने धुणं, डेटॉलचं पाणी, ऑफिसात ओले वाइप्स असं चाललंय. मोबाइलवर शोधल्यावर चामखिळीचे फोटो दिसले आणि ती शरीरसंबंधातून होते असं वाचलं. तेव्हापासून त्या नवऱ्याजवळ झोपत नाहीत. तो विचारतो, त्या टाळतात. प्रश्न दोन: "यांना सरळ विचारून मोकळी होऊ का? की आधी एका दिवसात लेझरने काढून देणाऱ्या क्लिनिकमध्ये जाऊन गुपचूप हे संपवू? पुरुष डॉक्टरला मी दाखवणार नाही, एवढं नक्की."

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याबद्दल दीड पान आहे आणि पुळ्यांबद्दल सात ओळी. डॉक्टरला दाखवल्याचं एकाही ओळीत नाही. चार महिन्यांत तुम्ही मेडिकलवाल्याला विचारलंत, मोबाइलला विचारलंत, आता मला विचारताय, आणि पुढचा नंबर नवऱ्याचा आहे. यातल्या कुणीही ती जागा पाहिलेली नाही. तुम्हीही आरशात अंदाजानेच पाहिलीत. तिथलं स्वतःचं निदान स्वतः करणं डॉक्टर असलेल्या माणसालाही जमत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता विचारू नका. कधीच विचारायचं नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या पुराव्यावर तुम्ही विचारणार आहात, तो पुरावा आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून सोपं आहे: काय आहे हे कळायच्या आधी काढून टाकायची घाई कुठल्याही क्लिनिकमध्ये करू नका, मग त्याची पाटी कितीही चकचकीत असो.

आता त्या सात ओळींकडे येते. मऊ, कातडीच्याच रंगाची, न दुखणारी, बाळंतपणापासून असलेली पुळी. या वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळतं ते कातडीचं उरलेलं टोक, ज्याला डॉक्टर स्किन टॅग म्हणतात. बाळंतपणात जोर करताना किंवा बद्धकोष्ठतेच्या काळात गुदद्वाराच्या कडेच्या शिरा फुगतात, कधी त्यात रक्त साकळतं. सूज पुढे उतरते, पण ताणलेली कातडी तशीच राहते. जुनी चीर, म्हणजे फिशर, असेल तर तिच्या बाहेरच्या टोकालाही असाच कोंब येतो. हा कोंब स्वतः निरुपद्रवी असतो. त्रास एवढाच, की त्याच्या घडीत ओल आणि मळाचा अंश अडकून राहतो आणि खाज सुटते. आपल्याकडे अशा प्रत्येक कोंबाला मूळव्याध म्हणायची पद्धत आहे, आणि एकदा मूळव्याध म्हटलं की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. बाहेरची मूळव्याध असूही शकते. ती जोर केल्यावर फुगते, निळसर दिसते, मग थोडी बसते. पण न पाहता कुणी तुम्हाला "मूळव्याधच आहे" म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तसाच मोबाइलने "चामखीळच आहे" म्हटलं तरी ठेवू नका.

दुसरी, नवी पुळी काय असेल? केसाच्या मुळाशी आलेली साधी पुळी असू शकते. उकाड्यात, घट्ट सिंथेटिक कपड्यांत, किंवा त्या भागाचे केस काढल्यावर अशा पुळ्या येतात. खरूज असू शकते, पण मग बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेलाही खाज असते आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. सतत खाजवून जाड झालेली कातडीसुद्धा बोटाला गाठीसारखी लागते. आणि हो, चामखीळही असू शकते. ती सहसा खरखरीत असते, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, एकीच्या चार होतात, वाढत जाते. पण सगळ्याच चामखिळी अशा पुस्तकी नसतात, काही अगदी सपाट असतात. इंटरनेटवर जे फोटो वर येतात ते सगळ्यात वाढलेल्या, सगळ्यात भीतीदायक अवस्थेचे असतात, आणि रात्री अकराला अंथरुणात एकटीने ते पाहिले की स्वतःचं सगळं तसंच दिसायला लागतं.

समजा, चामखीळच निघाली. तरी तुमच्या मनातला पुढचा जिना तुम्ही फार भराभर चढलात. त्या जागची चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते, बहुतेक वेळा त्याच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे. तो कातडीला कातडी लागून पसरतो, आणि मोठ्या माणसांत बहुधा शरीरसंबंधातूनच, हे खरं आहे. (तुम्ही पत्रात अर्धवट सोडलेल्या एका वाक्याचं उत्तर इथेच देते: त्या जागी चामखीळ यायला मागच्या बाजूने संबंध आलेला असावाच लागतो असं नाही.) पण लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने, तर कधी वर्षंही जातात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी गाठतो, आणि बहुतेकांना तो आला आणि गेला हेही कळत नाही. त्यामुळे ही लागण कुणाकडून, कधी झाली हे चामखीळ पाहून कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. ती पुण्यातली असेल, लग्नाआधीची असेल. त्यांच्या लग्नाआधीची किंवा तुमच्या. हे वाचून राग आला असेल तर येऊ द्या. नवऱ्यालाही तुमचा प्रश्न ऐकून असाच येईल, आणि तुमच्या दोघांच्याही हातात उत्तर नसेल.

मी तुम्हाला खोटा दिलासाही देत नाही. चामखीळ निघाली तर नवऱ्याला सांगावंच लागेल, त्यांनाही तपासून घ्यावं लागेल. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी तुमचं रक्त तपासायला सांगतील. सिफिलिसमध्येही त्या जागी ओलसर, चपटे उंचवटे येतात, आणि वेळेवर ओळखलं तर तो पेनिसिलिनने बरा होतो. चामखिळीवर लावायची औषधं आहेत, गोठवणं आहे, विद्युत उपकरणाने जाळणं आहे. ती पुन्हा येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरकडे फेऱ्या पडतात. 6 आणि 11 हे प्रकार कॅन्सर करणाऱ्यांतले नव्हेत. तरी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तुम्ही करून घ्याच, पुळी काहीही निघाली तरी. सरकारी आरोग्य कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांनी ती दर पाच वर्षांनी करायची असते. तुम्ही एकदाही केली नसावी असा माझा अंदाज आहे.

या रोगांसाठी सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक नावाची फुकट सोय असते. शंका एड्सबद्दल किंवा अशा लागणींबद्दल असेल तर 1097 हा फुकट हेल्पलाइन नंबर आहे. नाव सांगावं लागत नाही.

आता खाजेबद्दल, कारण मला वाटतं की तुमचा खरा आजार पुळ्यांपेक्षा खाज हाच आहे, आणि त्यातला बराचसा भाग तुम्हीच रोज नव्याने तयार करताय. इंदूरकरांना स्वच्छतेचा अभिमान असणं समजू शकते. 2017 पासून वर्षानुवर्षं देशात पहिला नंबर काढणारं शहर आहे. पण तो उत्साह या जागेवर चालवू नका. तिथली कातडी पातळ आणि घडीची असते. साबणाने तिचा नैसर्गिक तेलकटपणा जातो, डेटॉलने ती भाजते, वाइप्समधल्या सुगंधाची आणि टिकण्यासाठी घातलेल्या रसायनांची, विशेषतः मिथाइलआयसोथायाझोलिनोनची, ॲलर्जी येते. मग ती लाल होते, चिरते, खाजते. खाजली की सासूबाईंचं वाक्य आठवतं आणि तुम्ही पुन्हा धुवायला जाता. सासूबाईंचा हेतू वाईट नाही. पण गुदद्वाराची जुनी खाज असलेल्या माणसांत कमी धुणाऱ्यांपेक्षा जास्त धुणारी, घासणारी माणसं बरीच सापडतात.

उद्यापासून साबण, डेटॉल, वाइप्स, पावडर, अत्तरी काहीही, सगळं बंद. शौचानंतर साधं पाणी, एवढंच. जेट स्प्रे असेल तर त्याचा जोर कमी करा. कातडीवर नेम धरून मारलेल्या पाण्याने ती सोलवटते. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर साध्या व्हॅसलीनचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. खाज फारच असेल तेव्हा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. सर्जिकलच्या दुकानात कमोडवर बसवायचं प्लास्टिकचं भांडं मिळतं, नाहीतर स्वच्छ घमेलं चालेल. पाण्यात काही घालायचं नाही. मीठ नाही, तुरटी नाही, कडुनिंबही नाही. सुती, सैल अंतर्वस्त्रं, आणि ऑफिसच्या रेक्झिनच्या खुर्चीवर एक सुती गादी. नखं कापा, झोपेत हात आपोआप तिथे जातो.

त्या ट्यूबबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण "दोन दिवस जादू, मग पुन्हा तेच" हे वर्णन ओळखीचं आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेलं असेल, आणि सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, तर ते तीन-चार औषधांचं मिश्रण आहे. त्यातलं स्टेरॉइड खाज पटकन दाबतं. खाली नायटा असेल तर तो मरत नाही, फक्त चेहरा बदलतो, पसरतो, आणि पुढे कातडीच्या डॉक्टरलाही ओळखू येत नाही. घडीच्या जागी जोरकस स्टेरॉइड महिनोन् महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मेडिकलवर "खुजली की ट्यूब देना" म्हटलं की आजही हीच हातात येते. ती मूळव्याधीची बधिर करणारी ट्यूब असेल, तर तिच्यातल्या बधिर करणाऱ्या औषधाचीही ॲलर्जी येऊन खाज वाढू शकते.

म्हणून ट्यूब बंद करा. फेकू नका, डॉक्टरला दाखवायला जपून ठेवा. बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळेल, आणि तेव्हाच "बघा, ट्यूबनेच बरं वाटत होतं" असं मन म्हणेल. त्या दिवसांत तपासणीची वेळ घेतलेली असावी, म्हणजे निभेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीय आणि तिला काही महत्त्व दिलेलं नाही: मुलगी रात्री चुळबुळ करते, दात खाते, तुमच्याच अंथरुणात झोपते. दात खाण्याचा जंतांशी संबंध आजीबाईंनी लावलाय, डॉक्टरांनी नाही. पण रात्रीची चुळबुळ आणि तुमची रात्रीची खाज या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला सुतासारखे बारीक पांढरे जंत आठवतात. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराच्या कडेला अंडी घालते, तेव्हाच खाज सुटते. खाजवलं की अंडी नखांत, नखांतून तोंडात, चादरीवर, बहिणी-भावंडांत. ती घरात दोन-तीन आठवडे तग धरतात. हा आजार घाणेरड्या घरांतच होतो असं नाही. शाळेत जाणारं मूल असलेल्या कुठल्याही घरात होतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. मुलगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहा, जंत हलताना दिसू शकतो. किंवा पहाटे, ती उठायच्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबमध्ये द्या. एकदा काही दिसलं नाही तर तीन सकाळी करा. औषध साधं आहे, अल्बेंडाझोल. तीच गोळी शाळेत जंतनाशक दिनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या 10 तारखेला देतात. मग मुलीने ती घेतलेलीच आहे, असं म्हणाल. पण गोळी जंत मारते, अंडी नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावा लागतो, पुण्याहून आलेल्या माणसासकट. डोस आणि कुणी घ्यायचा नाही हे डॉक्टर ठरवतील. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगायचं. त्या दिवशी चादरी, उशीचे अभ्रे, अंतर्वस्त्रं गरम पाण्यात, सगळ्यांची नखं कापायची, आणि रोज सकाळी मुलीची आंघोळ.

चार महिन्यांच्या संशयाचं मूळ दुसरीतल्या मुलीच्या नखांत निघालं तर तुम्हाला हसावं की रडावं कळणार नाही. असं होईलच असं मी म्हणत नाही. शक्यता म्हणून सांगते.

खाण्याबद्दल थोडक्यात. जिरावन, शेव, कचोरी, गराडू, दिवसातले पाच चहा, हे इंदुरात कुणाला सोड म्हणणं म्हणजे गाव सोड म्हणणं. तिखट, चहा-कॉफी, कोला, चॉकलेट, टोमॅटो, लिंबू-संत्री यांनी काहींची खाज वाढते, काहींची अजिबात नाही. दोन आठवडे सोडून पाहा, मग एकेक परत आणा. जे आणल्यावर खाज येईल ते तुमचं. पोहे खा, वरून जिरावन मसाला न घालता. श्रावणातले उपास तुम्ही लिहिलेत त्यावरून मात्र टोकते: साबुदाणा आणि बटाटा महिनाभर, त्यात फायबर फारच कमी, मग जोर करणं, मग कोंब सुजणं, हे सगळं ओघाने आलं. उपासाला राजगिरा, फळं, काकडी असं काही घ्या. एरवी भाज्या, सालीसकट डाळी, ज्वारीची भाकरी. रात्री एक-दोन चमचे इसबगोल, मोठा पेलाभर पाण्यात. कमी पाण्यात घेतलं तर ते उलट गच्च बसतं. कमोडवर मोबाइल घेऊन बसायचं नाही. पायाखाली छोटं स्टूल घेतलं तर जोर कमी लागतो.

वय 43, बैठं काम, घडीत खाज: रक्तातली साखर तपासून घ्या. बायकांना मधुमेह असल्याचं कधी कधी अशाच एखाद्या खाजेतून पहिल्यांदा कळतं.

"पुरुष डॉक्टरला दाखवणार नाही." ठीक आहे, पण मग त्याचा अर्थ कुणालाच दाखवणार नाही असा का काढलात? इंदुरात बाई सर्जन आहेत, कातडीच्या डॉक्टर असलेल्या बायका तर भरपूर आहेत. आणि ज्यांनी तुमचं बाळंतपण केलं त्या बाईंकडे जायला काय हरकत आहे? त्यांनी ती जागा पाहिलेली आहे. त्या पाहतील, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्याच खेपेत करतील, आणि पुढे कातडीवाल्याकडे जायचं की सर्जनकडे हे सांगतील. खासगी परवडत नसेल तर एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, सकाळच्या ओपीडीत जा. गर्दी असते, पण तुमच्यासारख्या तक्रारी तिथे रोज येतात. कधी पुरुष डॉक्टरच मिळाले, तर तपासताना दुसरी बाई हजर असणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. मागायला संकोच नको.

काउंटरवर सगळ्यांसमोर "काय त्रास?" विचारतात, ही खरी अडचण असते. "डॉक्टरांशीच बोलते" एवढं म्हणा. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या: कधीपासून, रात्री किती, काय काय लावलं, रक्त-पू नाही, मुलीला काय होतं. ट्यूब आणि वाइप्सचं पाकीट पिशवीत ठेवा. तपासणी म्हणजे काय, तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर. आधी फक्त पाहतात. गरज असेल तर हातमोजा आणि जेल लावून एक बोट, मग एक छोटी नळी. काही मिनिटांचं काम. दुखलं तर "थांबा" म्हणा, थांबतात. फिशर असेल तर ते दुखतं, म्हणून आधीच सांगा.

आता ते लेझर. भिंतींवर "बवासीर-भगंदर का शर्तिया इलाज, बिना ऑपरेशन" लिहिणारे आणि वातानुकूलित क्लिनिकात पॅकेज देणारे, दोघांचं बोलणं मला एकाच ठिकाणाहून आल्यासारखं वाटतं: आधी भाव, मग निदान. भिंतीवरचे तर कसलीतरी इंजेक्शनं देतात, आणि त्यांनी जागा सडलेली, आकसलेली माणसं पुढे सर्जनच्या दारात येतात. लेझर हे यंत्र वाईट नाही. पण स्किन टॅग काढायची गरज सहसा नसते, तो काढून खाज जाईलच असं नाही, आणि खाजेचं कारण जंत किंवा ट्यूब असेल तर कापूनही तुम्ही पुन्हा इथेच. क्षारसूत्र, म्हणजे आयुर्वेदातला औषधी दोरा बांधायचा उपचार, तोही कुणी सुचवेल. तो भगंदरावरचा चांगला उपचार आहे, आणि तुम्हाला भगंदर आहे असं काही तुमच्या पत्रात नाही. काही काढायचं ठरलंच तर एक अट घाला: काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचा. डॉक्टरला नजरेने खात्री असली तरी मी हे म्हणेन.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, आणि तुमच्यासाठीही, कधी वाट पाहायची नाही ते सांगते. ठसठसणारी, वाढत जाणारी, गरम गाठ आणि ताप म्हणजे पू धरलाय. त्याच दिवशी सर्जन, आणि मधुमेह असेल तर त्याच तासाला. अचानक आलेली जांभळी, बसू न देणारी गाठ म्हणजे साकळलेलं रक्त. पहिल्या तीन दिवसांत दाखवलं तर लगेच आराम पाडता येतो. एकदा फुटून बरी झालेली आणि त्याच जागी पुन्हा पू येणारी पुळी म्हणजे भगंदराची शंका. कडक गाठ, न भरणारी जखम, भराभर वाढणारा उंचवटा, शौचाच्या सवयीत बदल, विनाकारण वजन उतरणं आणि रक्त, हे चाळिशीनंतर कुणी न तपासता "मूळव्याध असेल" म्हणून घरी पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. पुरुष वाचकांना हे सगळं तसंच लागू आहे. त्यांच्यातल्या ज्यांचे पुरुषांशी संबंध आहेत त्यांनी तेही डॉक्टरला सांगावं, कारण त्यावर कुठली तपासणी करायची हे ठरतं, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असं ठरवल्यापासून त्यात कायद्याची भीती उरलेली नाही.

राहता राहिला नवरा. तो विचारतो आणि तुम्ही टाळता, असं चाललंय. त्याच्या बाजूने पाहिलं तर बायको जवळ येत नाही आणि कारण सांगत नाही. त्याच्याही डोक्यात एखादा मोबाइल चालू असेलच. त्याला आज एवढंच सांगा: "मला त्या जागी खाज आणि पुळ्या आहेत, लाज वाटत होती म्हणून बोलले नाही, पुढच्या आठवड्यात दाखवणार आहे." यात खोटं काही नाही आणि आरोपही नाही. तपासणी होईपर्यंत संबंध नकोत असं वाटत असेल तर तेही सरळ सांगा. काय आहे हे कळेपर्यंत ते शहाणपणाचंच आहे.

पुण्याबद्दलचा संशय या पुळ्यांच्या आधीपासून होता का, हे मात्र स्वतःला विचारा. पत्रातल्या दीड पानावरून मला तसं वाटलं. असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याची कारणं वेगळी असतील, आणि पुळ्या साध्या निघाल्या तरी तो मिटणार नाही. तेव्हा त्याबद्दल बोला, पण डॉक्टरचा कागद हातात नाचवत नको.

दाखवायला जाताना तो सोबत येतो म्हणाला तर येऊ द्या, बाहेर बाकावर बसायला, औषधं आणायला माणूस लागतंच. आत मात्र एकट्याच जा. डॉक्टर काही प्रश्न असे विचारतील की नवरा शेजारी असताना कुठलीही बाई त्यांची पूर्ण उत्तरं देत नाही.